नीनाच्या देशातला रिवाज

दौलतरावांच्या क्वार्टरमध्ये पाहुण्याचा शब्द खाली पडत नसे. पाहुणा दोन घास कमी जेवला तर दौलतरावांना रात्री झोप लागत नसे. बायकोने काही मागितलं की मात्र ऐन दुपारीसुद्धा छान लागे.

१९६० च्या वैशाखात त्यांच्याकडे चक्क रशियन पाहुणी आली. त्यांची मुलगी कमला भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इस्पितळात नर्स होती आणि नीना तिथल्या रशियन डॉक्टरांची दुभाषी. दोघींची गट्टी. नीनाला पंधरा दिवस सुटी मिळाली, बरोबरच्या बायका थंड हवेला पळाल्या, आणि ही बया म्हणाली की मी कमलाच्या घरी राहणार. दौलतराव भिलाई स्टेशनात केबिनमन, सिग्नलचे दांडे ओढणारे. त्यांनी दारांना वाळ्याचे पडदे लावले, नवी सुरई आणली आणि आपल्या घरचा मामला आता आंतरराष्ट्रीय झाला, असं क्वार्टरांच्या अख्ख्या रांगेला सांगून आले.

नीना मजेत राहिली. पडद्यांवर पाणी मारावं, पन्हं प्यावं, फरशीवर लोळावं, संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून कमलाकडून केसांना तेल लावून घ्यावं. कमलाच्या आईबरोबर, राधाबाईंबरोबर, ती शेवया करायलाही बसली. तिच्या शेवया सुतळीसारख्या जाड झाल्या. राधाबाईंनी त्या वेगळ्या वाळवल्या आणि तिच्या तिलाच खाऊ घातल्या.

एक गोष्ट मात्र नीनाच्या ध्यानात आली. दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास क्वार्टरांसमोरच्या रुळांवरून नागपूर पॅसेंजर जायची, तेव्हा राधाबाई हातातलं काम टाकून दारात उभ्या राहायच्या. शेवटचा डबा दिसेनासा झाला की मग परत चुलीपाशी.

"माताजी, इस गाडी में कौन है?" नीनाने एकदा विचारलं. तिचं हिंदी पुस्तकातलं, एकदम स्वच्छ.

"कोणी नाही वो. ते तुमसरले जाते. माहं माहेर हाय तिथं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सात वर्षं झाली माहेर पाहून. आई तिथे एकटीच असते. गुडघे गेल्यापासून तिला प्रवास झेपत नाही. दर वैशाखात तिचं कार्ड येतं, 'अंगणातल्या झाडाले आंबे लागले.' रेल्वेचा फुकटचा पास दरवर्षी तसाच वाया जातो. पहिल्या वर्षी राधाबाईंनी जाऊ का म्हणून विचारलं, तर दौलतराव म्हणाले होते, "मंग माह्या डब्याचं कसं?" झालं. राधाबाईंनी त्या दिवसापासून पुन्हा म्हणून विचारलं नाही. कार्ड आलं की नवऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायच्या, "आंबे लागले म्हने," आणि तोंड फिरवून बसायच्या. दुसऱ्या दिवशी दौलतराव बाजारातून आंब्यांची टोपली आणून टाकायचे. त्या टोपलीला राधाबाईंनी सात वर्षांत बोट लावलं नव्हतं. मानी बाई!

"आप फिर पूछिए," नीना म्हणाली.

"मी नाही इचारत," राधाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू इचार. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं सांगाचं, हेच तं काम करतं तू."

पण एकदम माहेराचं काढणं बरं नव्हे. आधी पाणी किती खोल आहे ते पाहायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाईंनी कानात सांगितलं आणि नीनाने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, "बाबूजी, हमारे देश में रिवाज है. नल का पानी पुरुष भरते हैं."

दौलतरावांनी एकदा पाहुणीकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. उठले आणि पाणी भरलं. राधाबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

तीन दिवसांनी दुसरा रिवाज निघाला: जेवल्यावर पुरुष आपली थाळी आपण घासतात. दौलतराव अंगणात राख घेऊन बसले. शेजारचे पंजाबराव कुंपणावरून वाकून म्हणाले, "कावून हो दौलतराव, हे काय करून राहिले?"

"आंतरराष्ट्रीय मामला हाय. तुमाले नाही समजणार."

त्या दिवशी नीनाला हसून हसून ठसका लागला आणि तिची पाठ चोळता चोळता राधाबाईंच्याही डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी पंजाबरावांची बायको वच्छला मागच्या दाराने हळूच आली आणि नीनाला म्हणाली, "बाई, आमच्या घरासाठीही एखादा रिवाज सांगाल काय? लहानसा चालते."

सुटी संपायला दोन दिवस उरले. आता नाही तर कधीच नाही. रात्रीचं जेवण चाललं होतं. नीनाने हातातली भाकर खाली ठेवली.

"बाबूजी, हमारे देश का सबसे बडा रिवाज. मेहमान जिस दिन जाता है, उस दिन घर की मालकिन आठ दिन के लिए अपनी मां के घर जाती है. घर का मालिक खाना खुद पकाता है. नहीं तो मेहमान का अपमान होता है."

कमलाने ताटात मान घातली. दौलतरावांचा घास हातातच राहिला. राधाबाईंना वाटलं, आता विचारतील, डब्याचं कसं? पण त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाहुण्याचा अपमान नाही कराचा." झालं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी राधाबाई नवं लुगडं नेसून पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसल्या. कमला आणि नीना डब्यात सामान लावत होत्या. जिंकल्याच्या आनंदात राधाबाईंना नवऱ्याची थोडी कीवच येत होती. दौलतरावांनी खिडकीतून पास दिला, सुरई दिली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "रशियात असा कोणताच रिवाज नाही."

राधाबाईंचा हात सुरईवरच थबकला. "तुमाले कोणं सांगतलं?"

"थाळी घासली त्याच दिवशी इचारलं. यार्डात रशियन साहेब आला होता. पोट धरून हासला तो."

"मंग पास कावून काढला?"

"जाचं होतं तं सांगाचं होतं नं! तू दरवर्सी म्हनत होती, आंबे लागले. मले वाटे, तुले आंबे पाह्यजेत."

सात वर्षांच्या सात टोपल्या राधाबाईंच्या डोळ्यांपुढून गेल्या. संताप आला आणि हसूही आलं. गार्डाने शिट्टी फुंकली. कमला आणि नीना खाली उतरल्या.

"येताना तुमच्यासाठी झाडाचे आंबे आनतो," गाडी हलली तशा त्या कशाबशा म्हणाल्या.

दौलतराव खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालू लागले. "नको वो! तू तं टोपलीले हात लावत नव्हती. सात वर्सं मी एकटाच खाऊन राहिलो. मले आंबा आवडतच नाही, कमलेची माय!"