वाकळीचा टाका

सिडनीच्या हिवाळ्यात ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं, आणि टूनगॅबी उपनगरातल्या त्या घरात ते सर्वांत आधी करुणाच्या बोटांवर उतरायचं. कापडाच्या चार थरांतून दोरा ओढला जाताना निःश्वासासारखा एक खरखरीत, लांब आवाज होतो. तो आवाज मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. सुई शिरवायची, बाहेर काढायची, मग अंगठ्याच्या नखाने टाका दाबून बसवायचा. त्या दाबण्यात एक शांत हट्ट असे.

आम्ही युनिव्हर्सिटीपासूनच्या मैत्रिणी. ती सॉफ्टवेअर टेस्टर, मी पेंडल हिलला एकटी राहणारी. दुसऱ्या लॉकडाउनमध्ये एकट्या माणसाला एका घरी जायची मुभा मिळाली, तेव्हा मी तिचं घर निवडलं. तिचा नवरा आणि मुलगी आपापल्या स्क्रीनसमोर असत, आणि आम्ही दोघी खिडकीपाशी.

त्याआधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, परभणीला तिची आई गेली. इथून जायची वाट बंद, तिथून यायची वाट बंद. वीतभर पडद्यावर करुणाने आईचा अंत्यविधी पाहिला; भावाने धरलेला फोन स्थिर राहत नव्हता, त्यामुळे चिताच हलत असल्यासारखी दिसत होती. ती रडली नाही. आई इथे राहायला आली होती तेव्हा मागे ठेवून गेलेली दोन सुती लुगडी तिने कपाटातून काढली आणि कित्येक दिवस नुसती मांडीवर घेऊन बसली.

त्यांचं काय करायचं, हे शेजारच्या ज्यूडीमुळे ठरलं. ऐंशीच्या घरातल्या ज्यूडीने कुंपणावरून एक पिशवी दिली, त्यात तिच्या आईचे जुने एप्रन होते: छातीवर बदामाच्या आकाराचा तुकडा, कमरेला चुण्या, खाली झालर, मागे फुलपाखरासारखी गाठ बांधायला रुंद पट्टे. ‘‘मम रोज घालायची, लव्ह,’’ एवढंच ती म्हणाली. करुणाने त्या एप्रनचा कागदी नमुना उतरवला, पण कापड घेतलं आईच्या लुगड्याचं, आणि थर जोडून त्यावर टाका घातला वाकळीचा: कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन काढत आत मध्याकडे जाणारा, जाड दोऱ्याचा धावदोरा. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियन स्वयंपाकघराचा तो लाडिक घाट आणि त्यावर मराठवाड्याच्या मातीतली ती खडबडीत, ठाम शिलाई. दोन अनोळखी बायका एकाच ओसरीवर बसल्यासारखं ते दिसे.

लुगडी संपली, तेव्हा ओळखीच्यांनी जुन्या साड्या तिच्या दारात आणून ठेवल्या. एप्रन वाढत गेले. मग इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन दिवाळी मेळ्यासाठी कॅसल हिलच्या मेघनाने ते मागितले. मेळ्याचं सगळं काम तिच्याकडे होतं. उत्साही, गोड बोलणारी बाई. प्रत्येक वस्तूसोबत दोन ओळी लिहून पाठवायच्या होत्या. करुणाने लिहिलं : ‘माझी आई गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. गावातल्या घरांनी टाकून दिलेल्या लुगड्यांच्या ती वाकळी शिवायची. हा टाका तिचा आहे.’

दुसऱ्या दिवशी मेघनाचा फोन आला. करुणाच्या हातात सुई होती, म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला.

‘‘अगं, काम अप्रतिम आहे. सगळे वेडे झालेत फोटो बघून. फक्त ते लिहिलंयस ना, ते जरा हेवी होतंय.’’

‘‘काय हेवी होतंय?’’

‘‘ते वस्ती, टाकून दिलेली लुगडी वगैरे. लोक फेस्टिव्ह मूडमध्ये असतात गं. आपण ‘आजीच्या मायेची ऊब’ असं काहीतरी लिहू. आणि इथे ऑस्ट्रेलियात कोण बघतं ते सगळं?’’

करुणाने दोरा दाताने तोडला. ‘‘कोणी बघत नसेल, तर राहू दे की ती वाक्यं.’’

मेघना म्हणाली, ‘‘तू उगाच मनाला लावून घेतेयस.’’

‘‘फोटो ठेव आणि वाक्यंही ठेव,’’ करुणा म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. ‘‘नाहीतर दोन्ही काढ.’’

संध्याकाळपर्यंत मंडळाने मेळ्याच्या पानावरून दोन्ही काढून टाकलं.

मला त्याचा संताप आजही जिरवता आलेला नाही. दहा हजार किलोमीटर ओलांडून आलेली, इथल्या ऑफिसात आपल्या नावाचा उच्चार चुकला की दुखावणारी माणसं. आपल्याला कोणी परकं मानलं की न्यायाची भाषा त्यांच्या जिभेवर तयार असते. त्यांना वाकळ हवी होती, तिची ऊब हवी होती, तिचा गबाळा सुंदर रंग भिंतीवर हवा होता. फक्त जिने थंडीत बोटं रक्ताळत ती शिवली, ती बाई नको होती. मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘प्रत्येक गोष्टीत हा विषय का आणायचा?’ त्याखाली अंगठे उमटत गेले. विषय करुणाने आणलाच नव्हता. तो त्या कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांत आधीपासून होता.

मी चिडून बोलत राहिले, ती शिवत राहिली. मग म्हणाली, ‘‘तुझा लॅपटॉप आण रविवारी. माझा कॅमेरा नीट चालत नाही.’’

त्या रविवारी तिने स्वतःच ऑनलाइन हा टाका शिकवायला सुरुवात केली. पडद्यावर मोजकीच माणसं होती: विहारातली ओळखीची एक नर्स, वसतिगृहात अडकलेल्या दोन विद्यार्थिनी, ज्यूडी, आणि मेघनाच्याच मंडळातली एक बाई, जिने कॅमेरा बंद ठेवला होता. सुई हातात घेण्याआधी करुणाने ती तीन वाक्यं जशीच्या तशी म्हटली, मग ज्यूडीसाठी इंग्रजीतून पुन्हा. मग तिने कडेचा पहिला टाका घातला.

तास संपत आला, तेव्हा बंद कॅमेऱ्यामागची ती बाई हळूच म्हणाली, ‘‘करुणा, आईंचं नाव काय होतं?’’

करुणाचा हात थांबला. इतके फोन, इतके मेसेज, इतकी समजूत घालणं झालं, आणि त्यात हे कोणीच विचारलं नव्हतं. दाराशी उभी असलेली तिची मुलगीसुद्धा पुढे आली. ‘‘येस, मम, व्हॉट वॉज इट? मी फक्त आजीच म्हणायचे.’’

‘‘गयाबाई,’’ करुणा म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

पडद्यावरच्या त्या बायका एकेक करून ते नाव उच्चारत गेल्या. ज्यूडीने अडखळत, विद्यार्थिनींनी पुटपुटत. मी खिडकीशी बसून ऐकत होते, आणि वाटत होतं की काळ माणसाला घेऊन जातो, हे दुःख आपण कसंतरी सोसतो. पण जिवंत माणसं एखाद्याला पुसून टाकतात, त्या कृत्याला काळाचं नाव देऊन मोकळं होता येत नाही.