बिनधुराचं तोंड

निकोटीन मिळालं की हिरड्यांच्या रोगाचे जंतू जास्तच चिवट होतात, एकमेकांना धरून दाताच्या मुळाशी जाड थर बांधतात. डॉक्टरीणबाईंना दोन वर्षं खपून हेच सिद्ध करायचं होतं. सिगारेट ओढणारे पैशाला पासरी मिळाले. तुलनेसाठी मात्र दुखऱ्या हिरड्यांचं पण बिनधुराचं एक तोंड हवं होतं, दर महिन्याला कुरकुर न करता उघडणारं. ते घरातच सापडलं. नवऱ्याच्या हिरड्या पहिल्यापासून अधू, आणि सिगारेट त्याने लेक झाली तेव्हाच सोडलेली, तिच्या डोक्यावर हात ठेवून.

आणि नेमका त्याच्याच नमुन्यात थर जाड यायला लागला. बाईंनी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्या सांभाळणाऱ्या ताईंना सगळ्यांसमोर धारेवर धरलं. "ताई, तुम्ही नळ्यांची अदलाबदल केलीत! वीस वर्षं काय शिकलात?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी नमुन्याबरोबर घेऊन फ्रीजरमध्ये ठेवलेली त्याची लाळ काढून तंबाखू ओळखणाऱ्या पट्टीवर थेंब टाकला आणि पट्टी बाईंच्या टेबलावर ठेवून गेल्या. पट्टीचा रंग बदलला होता. बाईंनी आधीच्या चार महिन्यांची लाळ स्वतः तपासली. चारही वेळा तोच रंग. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी.

मग त्यांना त्याच्या हिरड्याही आठवल्या. गेल्याच महिन्यात त्या हरखून म्हणाल्या होत्या, "रक्त यायचं थांबलं बघ तुझं!" निकोटीनने हिरडीचं रक्त आटतं, रोग आत लपून वाढतो, हे त्या वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तरी त्यांनी मनाशी एक ठरवलं. नमुन्याआधी फॉर्म भरायचा असतो. तंबाखू घेता का? हो किंवा नाही. आज त्याने 'हो'वर खूण केली, तर सगळं माफ. कामाची वाया गेलेली दोन वर्षंसुद्धा.

संध्याकाळी तो नेहमीसारखा स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली खुर्ची ओढून बसला. "या डॉक्टरीणबाई, तुमचा लाडका पेशंट हजर आहे."

बाईंनी फॉर्म आणि पेन पुढे केलं. "नीट वाचून भर हं."

"वाचायचं काय त्यात? दर महिन्याला तेच तर लिहितो." त्याने न बघता 'नाही'वर खूण केली, खाली झोकात सही ठोकली आणि शहाण्या मुलासारखा आ वासला.

बाईंनी कापसाची काडी परत डब्यात ठेवली. त्याच्यासमोरच ताईंना फोन लावला.

"ताई, नळ्या बदलल्या नव्हत्या. माझं चुकलं. उद्या सगळ्यांसमोर माफी मागते. यांच्या नळ्या पहिल्या महिन्यापासूनच्या सगळ्या फेकून द्या."

तो तोंड मिटायचंच विसरला.