फाईलमधली सही

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा प्रोब तिच्या पोटावर पुन्हा दाबला आणि पडद्यावरची नजर न हलवता विचारलं,

"आधीची तिन्ही सिझेरियनच?"

"हो. दोन मुलं आहेत. तिसरं दोनच दिवस राहिलं."

शेजारच्या स्टुलावर तिची आई जुनी फाईल मांडीवर धरून बसली होती.

"बाळाची वार जुन्या टाक्यांवरच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयात आत रुतलीय. सुटायची नाही, ओढली तर रक्त थांबणार नाही. बाळ काढून गर्भाशयही काढावं लागेल. मोठ्या हॉस्पिटलात, रक्ताची तयारी ठेवून."

ती कोपरावर उठली. "असं कसं अचानक?"

"अचानक नाही. दर सिझेरियनला धोका वाढतो. तुम्हाला कुणी बोललं नव्हतं?"

"कुणीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. आईने फाईल लगेच दिली नाही.

डॉक्टरीणबाईंनी शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं : पुढचे गरोदरपण जिवावर बेतू शकते. नातेवाईकांना समजावून सांगितले. खाली आईची सही. बँकेत तीस वर्षं केलेली, ठळक, वळणदार.

तिने ती दोनदा वाचली. पोटावरचं जेल पुसायचं राहूनच गेलं.

"आई?"

"तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. दूध येत होतं, प्यायला कुणी नव्हतं. तेव्हा जीभच रेटेना गं. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. मग तू जरा हसायला लागलीस..."

"चार वर्षं, आई."

आईने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

चौतिसाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. त्याआधी संमतीचे सगळे कागद तिने स्वतः वाचले, अडलं तिथे विचारलं, मगच सही केली. आत साडेचार तास लागले. रक्ताच्या नऊ पिशव्या चढल्या. नवरा रक्तपेढीच्या जिन्यावरून खाली-वर करत राहिला; आई बाकावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घशातली नळी काढली तेव्हा आई उशाशी होती.

"बाळ?"

"मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. छान आहे, हातपाय झाडतेय."

ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच मान वळवून तिने सलाईन बदलणाऱ्या नर्सला विचारलं,

"सिस्टर, खरं का?"