ढेकीवरची गुणगुण

मित्रांनो, मी ऐनाच्या लाकडाची ढेकी. माझं शेपूट पायाने दाबलं की पुढचं मुसळ वर उठतं, पाय सोडला की उखळात आदळतं आणि धानाचा तांदूळ होतो. मूल गावाजवळच्या एका खेड्यात मी दोन पिढ्या पोसल्या.

गुणगुणणे म्हणजे रिकामटेकड्यांचा चाळा, असं शिकलेली माणसं सांगतात. त्यांनी आयुष्यात मूठभर धान कांडलेलं नसतं.

मनकर्णाबाईला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. तरी उखळातलं धान ती हाताने सारखं करी. पाय तिच्या मुलीचा, सोमारीचा. मुसळ वर असेतो सोमारी ओठ मिटून गुणगुणे. आवाज थांबला की आई हात काढून घेई. शब्द नकोत, शब्दांनी हसू येतं, हसण्याने ताल चुकतो.

चोपन्न साली सोमारीला पाहायला पाहुणे आले. सांगितले होते तीन, उतरले सात. तांदूळ कमी पडला, म्हणून मायलेकी ऐनवेळी कांडायला बसल्या.

तिचे काका गुणवंतराव, शाळामास्तर, ओसरीवरून ओरडले, "सोमारी, बंद कर तो भुणभुणाट! पाहुणे काय म्हनतीन?"

सोमारी गप्प झाली.

"काऊन थांबली वं?" आई म्हणाली. "मले मुसळ कुठी हाय ते समजत नाई."

"अंदाजानं कर ना, वहिनी!" काका म्हणाले. मास्तरांचा अंदाज, दुसऱ्याची बोटं!

पुढचा घाव आईच्या नखाला चाटून गेला. तांदळात रक्त पडलं.

"तेवढे तांदूळ बाजूला काढा," काका म्हणाले. जखमेचं नाव नाही.

सोमारीने आईचं बोट पदराच्या चिंधीने बांधलं, पाय पुन्हा माझ्यावर ठेवला आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशी गुणगुणू लागली.

"पोरीले वळण नाई," मुलाचे वडील भैयाजी म्हणाले.

"वळण मंग लावता येते, भाऊ," सोमारी म्हणाली. "बोट लावता येत नाई."

सातही जण त्याच तांदळाचा भात दोनदा मागून जेवले. होकार कळवतो म्हणाले. कळवला नाही.

पुढे मूलच्या गिरणीत धान जाऊ लागलं आणि मी गोठ्यात पडले. मनकर्णाबाई गेली, तेव्हा तिची दहाही बोटं शाबूत होती. सोमारीने ती एकेक करून धुतली.

मला गोठ्यातून उचलून ओसरीवर ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी कामात कोणी गुणगुणत असेल, तर तिला गप्प करण्याआधी एवढं पाहा, की त्या आवाजाच्या भरवशावर कोणी हात घातलेला आहे का.