कोपऱ्यातला भराव

सुताराच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं.

बारा वर्षं या सासुरवाडीची दारं, खिडक्या, गळके नळसुद्धा त्यानेच बघितले. कुणी कधी कौतुक केलं? छे! आणि हा धाकटा जावई, ऑफिसात खुर्ची उबवणारा, मोबाइलवर चार व्हिडिओ बघून मागच्या अंगणात लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, बांधायला निघाला, तर अख्खं घर खुर्च्या टाकून बघायला बसलं. सुताराची स्वतःची बायकोसुद्धा!

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. वॉकर घेऊन त्यांना पायरी उतरवत नव्हती. उंबऱ्याच्या पातळीला डेक झाला की त्यांना उन्हात बसता येणार होतं. पण पुन्हा पडलात तर कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दादा," धाकट्याने विचारलं, "डेकच्या खांबांखाली काँक्रीटचे ठोकळे नुसते मातीवर ठेवले तर चालतील, की खड्डे घेऊन काँक्रीट ओतू?"

प्रश्न अगदी चोख होता. अंगणाची जमीन घट्ट, तिथे ठोकळे पुरले असते. फक्त उन्हाच्या कोपऱ्यात पूर्वी टाकीचा खड्डा होता. तो सुतारानेच बुजवला होता, घाईघाईत, राडारोडा आणि भुसभुशीत माती लोटून. तिथे कठीण जमीन लागेपर्यंत खणून काँक्रीट भरायलाच हवं होतं. सासरे गेल्यापासून खाली काय भरलंय हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता. होऊ दे फजिती, त्या माणसाला वाटलं. आठवड्यात डेक कलंडेल, मग कळेल सुतार कुणाला म्हणतात.

"चालतील की," तो म्हणाला. "न चालायला काय झालं?"

दुपार कलली तोवर फळ्या ठोकून झाल्या. काम सुबक झालं होतं, तेच तर दुखणं! धाकट्याने कोपऱ्यात खुर्ची मांडली. सासूबाई वॉकर टेकत दारापर्यंत आल्या आणि थबकल्या.

"सुताराने बघितलंय का हे?"

"त्यांनाच विचारून केलं, आई."

"मग झालं तर. नाहीतर त्या मोबाइलच्या भरवशावर मी पाय टाकणार नव्हते."

आणि त्या चालू लागल्या. कोपरा दोन पावलांवर आला तसा सुतार ओरडला, "आई, थांबा!" धावत जाऊन त्याने त्यांना दोन्ही हातांनी धरलं. त्याच्याच पायाखालची फळी चार बोटं खचली आणि खुर्ची अंगणात उलटी पडली.

धाकटा पांढराफटक पडला. "दादा, माझं काय चुकलं?"

"तुझं नाही. खाली भराव आहे. मला माहीत होतं."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

सुताराने मान खाली घातली. "जळत होतो, आई. सगळे ह्याचंच कौतुक करत होते."

सासूबाईंनी सुताराचे हात एकेक करून अंगावरून काढले आणि धाकट्यापुढे आपला हात केला.

"मला आत ने," त्या त्याला म्हणाल्या.