सुतळीची स्टिक

"आठ सामने. आणि गोल किती? भोपळा!" मास्तरांनी हातातली वही कामाच्या टेबलावर आपटली, तशी सरसाची वाटी हिंदकळली.

"वाटी सांडली तर तुम्हालाच त्या बाकाला चिकटवून टाकीन," आक्का म्हणाली. "तसेही तुम्ही लवकर उठत नाही."

दातांचे डॉक्टर खो खो हसले. भाऊ मात्र हसला नाही. त्याच्या खिशात क्लबच्या चिटणिसांचं पत्र होतं आणि अंधार पडायच्या आत त्याला उत्तर द्यायचं होतं.

आक्काचं दुकान म्हणजे हॉकीच्या मैदानाच्या पायऱ्यांखालची तिरकी खोली. दाराशी ताठ उभं राहता येई. आत जावं तसं छप्पर डोक्यावर उतरत येई आणि शेवटच्या कोपऱ्यात मांजरच काय ते मावे. मोडक्या स्टिक दुरुस्त करण्याचं हे काम मूळ तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हे दार बंद होणार. तेराव्या दिवशी आक्काने दार उघडलं, कानस हातात घेतली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "काय बघतोस? स्टिक दे." त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

तडकलेली स्टिक हातात आली की ती आधी वाचायची. तिचा शब्दच तो, 'वाचते'. अंगठा लाकडावरून फिरवायची, उजेडात तिरकी धरायची आणि सांगायची: हा घाईत मारतो, हा भित्रा आहे, याला डाव्या बाजूने कुणी आलेलं कळतच नाही. एकदा एका बचावपटूची स्टिक बघून ती म्हणाली होती, "याला चष्मा द्या, चेंडू दर वेळी दोन बोटं अलीकडे लागतोय." सगळे हसले. पंधरा दिवसांनी तो गडी चष्मा लावून मैदानात आला. तेव्हापासून संध्याकाळी पाच वाजले की तिच्या बाकावर मंडळी जमायची, चहा यायचा आणि आपल्या संघाच्या स्टिकांचं वाचन व्हायचं.

मंडळी तीनच, पण आवाज तिसांचा. मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. संघाचा प्रत्येक गोल त्यांच्या वहीत होता. डॉक्टरांना सगळे म्हणायचे, तुमचा दवाखानाच मुळी हॉकीवर चालतो, चेंडू लागला की दात तुमच्याकडेच येतो. आणि तिसरा भाऊ, आक्काचा धाकटा सख्खा भाऊ. तीस वर्षं तो मैदानाच्या फाटकावर होता. आता गुडघा गेला होता, भिंतीला धरून चालायचा.

"काठी घे म्हणून किती वेळा सांगितलं," आक्का म्हणायची.

"काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी," भाऊ म्हणायचा. वय सदुसष्ट.

हे तिघे म्हणजे पाठीराखा मंडळाची कार्यकारिणी. क्लब एरवी त्यांना विचारत नसे, पण खेळाडूच्या अदलाबदलीचा विषय आला की चिटणीस पत्र पाठवायचे, कारण मागे एकदा न विचारता खेळाडू दिला तेव्हा लोकांनी फाटकच अडवलं होतं. या वेळचं पत्र सुतळीबद्दल होतं.

सुतळी म्हणजे संघाचा सेंटर फॉरवर्ड. वय वीस, अंगाने सुतळीसारखा, म्हणून ते नाव. आणि पठ्ठ्याही असा की नावाचा राग न धरता त्याने स्टिकच्या मुठीला वरून खरीच सुतळी गुंडाळून घेतली. गेल्या वर्षी त्याने अकरा गोल केले होते. या वर्षी एकही नाही. नदीपलीकडचा संघ त्याला मागत होता आणि बदल्यात दोन खेळाडू देत होता: एक अनुभवी गोलकीपर आणि एक पेनल्टी कॉर्नर मारणारा गडी.

"एक द्यायचा, दोन घ्यायचे," मास्तर म्हणाले. "पहिलीच्या पोराला विचारा, तोही सांगेल."

"मास्तर, पोरगं अजून कच्चं आहे. दुधाचा दात हलला म्हणून कुणी जबडा काढून देतं का?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दातांतून बाहेर या हो एकदा!"

"आक्का, तू सांग," भाऊ म्हणाला. "त्याची स्टिक आहे ना तुझ्याकडे?"

होती. मानेशी उभी चिरली होती, दुरुस्तीपलीकडे गेलेली. आक्काने ती टेबलावर आडवी ठेवली.

"हे बघा. टोकाशी काळे पडलेले ओरखडे आहेत ना, ते गेल्या वर्षीचे. तेव्हा हा चेंडू घेऊन एकटाच पळायचा. आता हे पांढरे, ताजे. सगळ्या अंगभर आहेत. म्हणजे चेंडू येतो, थांबवतो, देतो. येतो, थांबवतो, देतो." तिचा अंगठा वर सरकला, दांड्याच्या खालच्या भागावर. "आणि हे खड्डे. हे चेंडूचे नाहीत. दुसऱ्यांच्या स्टिकचे आहेत. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन मागून. चार जण याच्या अंगावर असतात. चार जण याच्याकडे, म्हणजे आपले बाकीचे मोकळे कुणामुळे? तुमच्या वहीत त्याला रकाना आहे का, मास्तर?"

मास्तरांनी वही उघडली, मिटली. "मोकळ्यांनी तरी कुठे गोल केले?"

"ते त्यांना विचारा. अजून सहा महिने द्या. हा करणारा नव्हे, करवणारा झालाय. असा गडी दहा वर्षांत एखादा येतो आणि तुम्ही त्याला नदीपलीकडे सोडून येताय."

तिने हे इतक्या ठामपणे सांगितलं की डॉक्टरांनी लगेच हात वर केला: "ठेवायचा." मास्तरांनी वहीवर हात ठेवला: "द्यायचा." मग दोघं भाऊकडे बघू लागले.

भाऊने गुडघा चोळला. "आक्का, तुझं खरं असेल. पण सहा महिन्यांत आपण खालच्या गटात गेलेलो असू. खालच्या गटाचे सामने बघायला कोण येतं? मी तीस वर्षं त्या फाटकावर माणसं मोजली आहेत. रिकामं मैदान नाही बघवायचं मला." त्याने पत्र काढलं, आक्काचीच पेन्सिल घेतली आणि 'हरकत नाही' लिहिलं.

"चुकतोयस," आक्का म्हणाली. एवढंच. भावाच्या हातातली पेन्सिल परत घेऊन तिने कानामागे खोचली.

सुतळी निरोप घ्यायला आला तेव्हा चिरलेली स्टिक ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत होती. "ती तुमच्याकडेच राहू दे, आक्का," तो म्हणाला आणि वाकून दारातून बाहेर पडला.

पुढचं वर्ष जसं जायचं तसं गेलं. नवा गोलकीपर चांगला निघाला, पेनल्टी कॉर्नरवाला पहिल्याच महिन्यात पाय धरून बसला. हंगामाचा शेवटचा सामना आला तो नेमका नदीपलीकडच्यांशी, आपल्याच मैदानावर. हिशेब साधा होता: बरोबरी झाली तर वरच्या गटात टिकणार, हरलो तर खाली.

आदल्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. सुतळी होता. खांदे भरले होते, नाव तेवढं जुनं राहिलं होतं. हातात स्टिक, मानेशी तडकलेली.

"आमच्याकडचा कारागीर म्हणतो टाकून दे. दुसरी हातात बसत नाही."

"आण इकडे."

तिने स्टिक उजेडात तिरकी धरली. अंगठा फिरला आणि टोकाच्या आतल्या कडेशी थांबला. डाव्या बाजूला आलेला चेंडू स्टिक उलटी करून खेळावा लागतो. त्याच्या खुणा त्या कडेवर पडतात. इथे जुन्या खुणा होत्या, काळ्या. ताजी एकही नव्हती. महिनाभर तरी याने स्टिक उलटी फिरवली नव्हती. स्टिक फिरवतं ते डावं मनगट. तिने वर बघितलं. त्याने डावा हात खिशात घातला होता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

तो एकदम हसला, चोर पकडल्यासारखा. "उद्याचा सामना झाला की दाखवणार. आक्का, तुम्ही... संध्याकाळी बाकावर..."

"वाचते मी बाकावर. घरच्यांच्या वाचते. तू घरचा होतास तेव्हा तुझीही रोज वाचली. आता तू गिऱ्हाईक आहेस." तिने शिकंजा सैल केला. "सकाळी आठला घेऊन जा. आणि सामन्यानंतर तो हात दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी मीच तुला ही स्टिक चुलीत घालायला सांगेन."

पाचला मंडळी आली. शिकंज्यात आवळलेल्या स्टिकच्या मुठीला सुतळी होती. ओळखायला चष्मा लागत नव्हता.

"अरे, ही त्याची!" मास्तर ओरडले. "देवच पावला. आक्का, वाचा!"

आक्काने टेबलावरचं फडकं उचललं आणि स्टिकवर टाकलं.

"वाच की," भाऊ म्हणाला. "कुठे कमी पडतो तेवढं सांग. आपल्या कप्तानाला मी रात्रीच कळवतो."

"चहा गार होतोय."

"म्हणजे काहीतरी आहे," मास्तर पुढे सरकले. "बरं, वाचू नका. निदान सरस तरी जरा पातळ लावा."

आक्काने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मास्तर मागे सरकले ते डॉक्टरांच्या पायावर.

भाऊ उठला. गुडघ्यातून कळ गेली, तरी भिंत न धरता उभा राहिला. "तुला कळतंय ना उद्या काय आहे ते? या मैदानाने तुला जेवू घातलं. तुझ्या डोक्यावरचं हे छप्परसुद्धा मैदानाचंच आहे. आयुष्यात तुझ्याकडे कधी काही मागितलं का मी?"

"नाही मागितलंस. मागितलं असतंस तर दिलंही असतं," आक्का म्हणाली. "पण आज मागतोयस ते माझं नाही. ज्याचं आहे तो सकाळी आठला येणार आहे."

"त्याला आपण सोडला म्हणून तू सूड उगवतेयस."

"सूड उगवायचा असता तर ती खिळ्यावरची स्टिक वर्षभर रोज तुझ्या नाकासमोर नाचवली असती. एकदा तरी बोलले का?"

नव्हती बोलली. ते भाऊलाही ठाऊक होतं आणि त्यानेच तो जास्त चिडला. "उद्यापासून या बाकावर मी बसणार नाही."

"बाक कुठे पळून जात नाही," आक्का म्हणाली.

तो गेला. तिने फडकं काढलं, शिकंजा आणखी अर्धा फेरा आवळला.

सामना तिने कधीच बघितला नव्हता, ती ऐकायची. डोक्यावरच्या पायऱ्यांवर हजार पाय असत आणि पाय खोटं बोलत नाहीत. पूर्वार्धात पाय थडथडत होते. उत्तरार्धात ते थांबून थांबून हलू लागले. मग सगळे एकदम उभे राहिले, छपरातून माती गळली, आणि त्यानंतर एकही पाय हलला नाही. आक्का समजली. हातातली कानस तिने खाली ठेवली, थोड्या वेळाने परत उचलली.

एक-शून्य. गोल दुसऱ्याच कुणी मारला होता. चार जण सुतळीच्या अंगावर गेले होते, त्याने उजवीकडून चेंडू सरकवला आणि पलीकडचा मोकळा गडी गोलसमोर एकटा उभा होता. मास्तरांच्या वहीत सुतळीच्या नावापुढे त्या दिवशीही भोपळाच पडला.

तीन दिवसांनी डॉक्टर एकटेच आले. बाकाच्या कडेला टेकले. "त्याचं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे म्हणे. महिनाभर दुखत होतं. तुम्हाला ठाऊक होतं ना, आक्का?"

"तुम्ही लोकांचे दात बघता. कुणाचा किती किडलाय ते सांगत हिंडता का?"

"सांगतो की," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "मास्तरांचे तर सगळ्या गावाला सांगितलेत."

"म्हणूनच ते तुमच्याकडे येत नाहीत. नदीपलीकडे जातात."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. मग ते खो खो हसले आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरही आले, वही न घेता. भाऊ आला नाही. महिना झाला, दोन झाले. भिंतीला धरून बाजारात जातो, मध्ये दोन ठिकाणी थांबतो, असं डॉक्टर सांगत होते.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आक्काने खिळ्यावरची स्टिक काढली. मानेतली चीर सरसाने भरली, रात्रभर आवळून ठेवली, वरून घट्ट फीत गुंडाळली. खेळायला ती उपयोगाची नव्हती, पण माणसाचं वजन पेलण्याइतकी झाली. मग ती उलटी धरली. वाकलेलं डोकं वर, मूठ खाली. भावाची उंची तिला मोजावी लागली नाही. तिने मुठीवरची सुतळी सोडवली, करवतीने दांडा बेताचा कापला, खाली रबराचं टोपण बसवलं आणि फडक्यात गुंडाळून डॉक्टरांच्या हातात दिली.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पाच वाजता बाहेर फरशीवर आवाज आला. ठक. ठक. मास्तर बोलता बोलता थांबले.

भाऊ दारात उभा होता. "मी बसायला आलेलो नाही."

"मग उभा राहा," आक्का म्हणाली. हातातलं काम तिने थांबवलं नाही.

तो उभा राहिला. "कुणाची ग ही?"

"वाच की."

भाऊने काठी उजेडात तिरकी धरली, आक्काची पद्धत बघून बघून डोळ्यांत बसली होती तशी. अंगठा वाकाखाली सरकला आणि पहिल्या खड्ड्यात बसला. मग दुसऱ्या. त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्यापाशी तो बराच वेळ थांबला.

"चार," तो म्हणाला. "चार जण होते ग अंगावर."

"होते."

"मूठ जरा रुंद लागते हाताला."

"आण, काचपेपर मारते. ते खड्डेही जातील."

"नको," भाऊ म्हणाला. "असू दे."

मास्तर सरकले, डॉक्टर सरकले. भाऊ बाकावर बसला, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून. नव्या हंगामाचा पहिला सामना चालू होता, खालच्या गटाचा. डोक्यावरच्या पायऱ्यांवर पावलं अगदी मोजकी होती. चौघांनी चहा घेतला. वरचं एखादं पाऊल हललं की भाऊ मान वर करायचा, आणि त्याचा अंगठा त्या खड्ड्यांवरून एकेक करत पुन्हा खाली यायचा.