उजवा कौल, डावा कौल

ताडकळसच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपुढं माश्या सोडून दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सगळी माणसं बाजारतळाच्या टोकाला उभारलेल्या मंडपात शिरली होती. वालूरचे होते, पेडगावचे होते, कुठकुठचे होते. आत जागा उरली नाही तेव्हा लोक टेम्पोच्या टपावर चढले. व्यासपीठावर तेजीनाथ महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी होती आणि कपाळावर हिरवा टिळा. शेअर चढला की मोबाईलवर हिरवा आकडा दिसतो, म्हणून टिळाही हिरवाच.

"सेन्सेक्स म्हंजे काय रे बाळांनो?" महाराज माईकवरून घुमले. "शेषाचा श्वास! शेषनाग श्वास घेतो, बाजार चढतो. सोडतो, बाजार उतरतो. आन् डिमॅट म्हंजे? धी-मठ! बुद्धीचा मठ! हे इंग्रजांनी आपल्यातूनच चोरलंय."

"लय मोठं ग्यान हाय," एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. शेजाऱ्यानं हात जोडले. डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं, एवढंही त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

महाराजांपुढं एक काळा दगड होता. त्याला पाणी लावायचं, उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवायच्या आणि कंपनीचं नाव पुकारायचं. उजवी कळी आधी गळाली तर तेजी, डावी गळाली तर मंदी. आपल्याकडं लग्न जुळवायला, विहिरीची जागा धरायला देवाला कौल लावतात, तसाच हा शेअरांचा कौल. फक्त याला एक अट होती. कौल मोबाईलवर येणार, ज्याचा त्यालाच. त्यानं मौन पाळायचं. दुसऱ्याच्या कानावर गेला की कौल फुटतो आणि फुटलेला कौल उलटतो.

मागच्या बाजारी याच व्यासपीठावर उभं राहून विरेशनं साक्ष दिली होती, "मला आलेला एकबी कौल खोटा गेला न्हाई." ते खरंच होतं. त्या मंडपात साक्ष देणारा एकही माणूस पैसे देऊन आणलेला नव्हता, सगळे खरंच बोलत होते. हा डाव ओळखायला अवघड होता तो त्यामुळंच.

विरेशचं गावात भांड्यांचं दुकान होतं. ते वडलांनी, बसप्पांनी, उभं केलेलं. पोरानं मोबाईलवर शेअर घ्यायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली होती. पहिला शेअर त्यानं रुद्राणी या बहिणीच्या नावाशी कंपनीचं नाव जुळतं म्हणून घेतला. तो थोडा चढला, तशी घाई करून विकला. मग पुढं तो असा चढला की विरेशला चार दिवस जेवण गेलं नाही. दुसरा घेतला तो औषधांच्या कंपनीचा, चहाच्या हॉटेलात ऐकून. तो उतरला. "आता स्वस्त झालाय," म्हणून आणखी घेतला. आणखी उतरला, आणखी घेतला. बसप्पा गल्ल्यावर बसून सगळं बघत होते.

"दुकानातली घागर चिरली तं मी ती भंगारात घालतो," ते एकदा म्हणाले. "तू चिरलेल्या घागरीच्या जोडीला आणखी चिरलेल्या घागरी आणायलास."

"आप्पा, यातलं तुमाला कळत न्हाई."

"मला न्हाई कळत, खरं हाय. पर तुला कळतंय हे तुला कोन सांगितलं?"

चढला की आपण हुशार आणि पडला की बाजार हरामखोर, एवढाच विरेशचा अभ्यास. अशा माणसाला महाराज भेटायला वेळ लागत नाही. त्यानं मंडपात आपला नंबर दिला आणि एका दुपारी मोबाईलवर एका कंपनीचं नाव घेऊन महाराजांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, "बाळा, कौल उजवा." दुसऱ्या दिवशी ती कंपनी चढली. पुढचा कौल डावा आला आणि ती कंपनी पडली. असं होतच गेलं, तसा विरेश देवघरापुढं बसण्याआधी मोबाईलपुढं बसायला लागला.

पण आज त्याला मंडपात जायला उशीर झाला, कारण दुकानात गिऱ्हाईक नसलेली दोन माणसं येऊन बसली होती. नर्मदाबाई आणि तिची लेक दैवशाला. नर्मदाबाईचा नवरा रायभान मेंढरं राखायचा. विरेशच्या दुकानाशी त्यांचा घरोबा जुना. दैवशाला पेडगावला दिलेली. ती महिनाभर माहेरीच होती हे विरेशला माहीत होतं, का ते माहीत नव्हतं.

"इरेशआप्पा, तुमी महाराजाचे साक्षीदार," नर्मदाबाईनं पदर पुढं धरला. "माझ्या लेकीसाठी एक शब्द टाका. तिनं कौल फोडला न्हाई हो. देवाशप्पथ फोडला न्हाई."

"कसला कौल, मामी?"

नर्मदाबाईनं सांगितलं. जावई बबलू, त्यालाही शेअरांचा नाद. त्याच्या मोबाईलात रिचार्ज नव्हता म्हणून त्यानं महाराजाकडं बायकोचा नंबर दिला. कौल आला. बबलूनं बैलजोडीचे पैसे त्याच्यावर लावले आणि कौल उलटा गेला. महाराजांचा निरोप आला, तुझ्या घरात कुणीतरी मौन मोडलं. घरात बबलू सोडून दैवशाला एकटी. त्यानं तिला दोन थोबाडीत दिल्या आणि एसटीत बसवलं.

"महाराज म्हन्ले, दोष घालवायचा तं माझ्या सिद्ध खात्यात पैसा भरा. तवर हिला घरात घेऊ नका. म्हनून हिचे बा आज मेंढरं घेऊन आले बाजारात. सगळी. व्यापाऱ्यासंगं बोलनं चालू हाय."

"सगळी मेंढरं? मग खानार काय?"

"लेक नांदायली म्हंजे झालं," नर्मदाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

दैवशाला एकदम बोलली, "मी कुनाला सांगू हो आप्पा? मला त्या कंपनीचं नाव बी धड घेता येत न्हाई. ती बॅटऱ्यावाली."

विरेशनं खिशातला मोबाईल काढला. बॅटऱ्यांच्या कंपनीचा कौल त्यालाही आला होता.

"कवा आला व्हता?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

"कोन्ता कौल?"

"डावा."

विरेशचा कौल त्याच दिवसाचा, त्याच कंपनीचा होता. उजवा.

"तुज्या मोबाईलात हाय का अजून? लाव बरं."

तिनं लावला. कंपनीचं नाव घेऊन महाराजांचा आवाज आला, "बाळा, कौल डावा. उद्या सूर्य मावळायच्या आत प्रचिती येईल. मौन पाळ." मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. विरेशनं आपला लावला. "बाळा, कौल उजवा. उद्या सूर्य मावळायच्या आत प्रचिती येईल. मौन पाळ." आणि मागं कुकरची शिट्टी. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, डाळ शिजेपर्यंत, एकाच बैठकीत महाराज दोन्हीकडचं बोलून मोकळे झाले होते. दगड नाही, कळ्या नाहीत.

बसप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "म्हंजे निम्म्यांना उजवा सांगायचा, निम्म्यांना डावा. एक तं खरा होनारच की."

"आन् ज्यांचा चुकला त्यांला म्हनायचं, तुमच्या घरात मौन मोडलं," विरेश हळूहळू म्हणाला. "ज्यांचा खरा झाला त्यांचे पुन्ना दोन भाग. पुन्ना तेच. शेवटी जे थोडे उरतील त्यांचा एकबी कौल चुकलेला नसतो. मग त्यांला माईकवर उभं करायचं."

त्याला स्वतःचा माईकवरचा आवाज आठवला. चोराच्या हातचा कंदील झालो आपण, आणि वर तेजाचा दिमाख मिरवला. ज्या माणसानं ही घाण केली तो बाहेर शेषनागाचा श्वास मोजत होता आणि एका निर्दोष पोरीच्या गालावर त्या घाणीचे वळ उठले होते.

त्यानं दैवशालाचा मोबाईल मागून घेतला, दुकानातली मोठी परात उचलली आणि पळी घेऊन निघाला.

मंडपात त्यानं माईक मागितला. महाराजांच्या माणसांना वाटलं साक्षीदार आला, त्यांनी दिला. पण विरेशनं "हा मानूस लबाड हाय" एवढं म्हणताच माईक हिसकला गेला. मग त्यानं बाहेर येऊन परात बडवायला सुरुवात केली. बाजारात परात बडवली की काय झालं हे बघायला माणूस येतोच. मंडप मागून रिकामा व्हायला लागला.

"महाराज जे करतो ते मी आत्ता करून दाखवतो!" विरेश ओरडला. "सगळे उभे ऱ्हावा. रस्त्याच्या या अंगाला जे हायेत त्यांला माझा कौल: छापा पडनार. त्या अंगाला जे हायेत त्यांला: काटा पडनार. ज्याचा चुकला त्यानं खाली बसायचं."

रुपया उडवला. परातीत खणकन पडला. काटा. छापावाले हसत हसत बसले. त्यात बबलूही होता. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, सासरा मेंढरं विकतोय का हे बघायला आलेला.

विरेश त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "बबलूराव, का बसलाव?"

"तुमचा कौल चुकला म्हनून."

"मौन कुनी मोडलं?"

"आता यात मौन कशाचं आलं?" बबलू बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. त्यानं मान खाली घातली. लोकांना अजून कळलं नव्हतं, तेव्हा विरेशनं परात उपडी घालून, तिच्यावर उभं राहून दोन्ही मोबाईल मोठ्या आवाजात एकामागून एक लावले. उजवा आणि शिट्टी. डावा आणि शिट्टी. पुढची रांग हसली. मग हसू मागं पसरत गेलं आणि मध्येच थांबलं, कारण पुष्कळांच्या खिशात तीच शिट्टी होती.

"खेळ पुरा करा की!" कुणीतरी ओरडलं.

उभे असलेल्यांचे दोन भाग केले, पुन्हा रुपया उडवला. निम्मे बसले. पुन्हा उडवला. असं करता करता शेवटी एकच बाई उभी राहिली, भाजीवाली रुख्मिणी. तिचा एकही कौल चुकला नव्हता.

"बघा," विरेश म्हणाला. "आता रुख्मिणीबाई सिद्ध झाली. हिला सोडून बसलेल्या एवढ्या मानसांकडं कोनी बघतंय का?"

तेवढ्यात एक म्हातारा गर्दीतून पुढं आला. त्यानं रुख्मिणीच्या पायावर डोकं टेकलं आणि मनापासून विचारलं, "माय, उद्या कोन्ता शेअर घेऊ?"

विरेशनं डोळे मिटून घेतले. सगळं डोळ्यांपुढं उघडं करून ठेवलं तरी माणूस पाय शोधत येतोच.

रुख्मिणी म्हणाली, "बाबा, वांगी घ्या. ताजी हायेत. सकाळपासून एक गिऱ्हाईक न्हाई."

आता मात्र सगळा बाजार हसला. महाराजांनी आतून पुकारलं, "मौन मोडल्यामुळं आजचे कौल बंद!" आणि मागच्या कनातीतून गाडीकडं निघाले. गाडीपुढं रायभानची मेंढरं होती. हॉर्न वाजला, मेंढरं जागची हलली नाहीत. तोवर गावातली दहा-वीस पोरं गाडीभोवती उभी राहिली आणि कुणीतरी ठाण्यात फोन लावला. साक्ष द्यायला या वेळी विरेश पुन्हा पुढं झाला. दैवशालाचा मोबाईल त्यानं तिच्याच हातात ठेवला. "जमादाराला तूच ऐकीव. तोंड उघड. काई फुटत न्हाई."

रायभान, रुमालाखाली भाव ठरवायला धरलेला व्यापाऱ्याचा हात सोडून आला होता. बबलू त्याच्याकडं न बघता बायकोला म्हणाला, "चल घरी. गाडी आनलीय."

दैवशाला म्हणाली, "मला मारलं ते पेडगावात, भर गल्लीत. मी खोटी न्हवते हे बी तिथंच, भर गल्लीत सांगा. मग बघते यायचं का ते." आणि ती बापाच्या हातातली काठी घेऊन मेंढरांमागं निघाली.

वाचणाऱ्या भावांनो, बहिणींनो, शेअर घेणं पाप नाही. शेअर म्हणजे कुणाच्या तरी धंद्यातला हिस्सा. धंदा बघून, झेपेल तेवढाच घ्यावा आणि बुडाला तर आपला अंदाज चुकला म्हणावं. घरातल्या बाईच्या तोंडावर ते ढकलू नये. उद्याचा भाव कोणत्याही दगडाला कळत नाही, टिळ्याला कळत नाही, सुटाबुटातल्या पंडितालाही कळत नाही. तरी कुणी म्हणालाच की माझा कौल कधी चुकत नाही, तर त्याच्या साक्षीदारांना ऐकत बसू नका. त्याला एवढंच विचारा: ज्यांचा चुकला, ती माणसं कुठं आहेत?